बापाच्या नावाचा रकाना

रविवारची मिस्सा आटोपून घरी आलं की खड्डा उघडायचा, हा थेरियोंच्या घरचा ऑगस्टअखेरचा रिवाज. घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस, कांदा आणि काकवी घातलेलं बिडाचं भांडं आदल्या संध्याकाळी निखाऱ्यांवर पुरायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांच्या देखत वर काढायचं. घरधनी आर्मां जिवंत होता तोवर फावडं त्याचं. तो गेल्यावर ते त्याच्या मेहुण्याकडे, फर्नांकडे आलं. कुणी दिलं नाही की त्याने मागितलं नाही. भांडं टेबलावर येईपर्यंत घरात भांडण काढायचं नाही, हाही आर्मांचाच नियम. भरल्या पोटी माणूस निम्मंच भांडतो, असं तो म्हणायचा.

यंदा फर्नांने तो नियम खड्ड्यापाशीच मोडला.

"सोलांज, तू आयतीच समोर उभी आहेस म्हणून विचारतो," माती बाजूला ओढत तो भाचीला म्हणाला. "कॉलेजात कुणाच्या फीला किती मदत द्यायची ते ठरवणारी कचेरी तुझी. कपाट तुझं, किल्ली तुझ्या कमरेला. आणि आपल्याच घरची पोर उंबऱ्याबाहेर? लोकांना मी काय सांगू?"

"सांग, की घरच्यांची फाइल सोलांज हातात घेत नाही. ती बेव्हर्ली बघते."

"आणि बेव्हर्लीला कोण बघतं?"

"मी बघते, मामा. पण या फाइलचा विषय निघाला की मी खोलीतून बाहेर जाते."

"बाहेर जाऊन काय करतेस?"

"कॉफी पिते."

"शाब्बास! पोर बुडते आहे आणि आत्या काठावर बसून कॉफी पिते आहे."

टोमणा सोलांजच्या वर्मी लागला होता. आपल्या माणसाच्या कागदाला बोट लावायचं नाही, हा नियम कचेरीची सूत्रं हाती घेतली त्या वर्षी तिनेच घातला होता. तेव्हा तिला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! भावाची, रेनाल्दची, मुलगी मारिएल तेव्हा पाळण्यात होती. ती मुलगी एक दिवस अठरा वर्षांची होईल आणि याच कॉलेजात वनशास्त्राला प्रवेश घेईल, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात येणार?

घोटाळ्याची सुरुवात केली ती सोलांजच्या म्हाताऱ्या आईने, ओदीलने, आणि तीही मायेने. मदतीच्या अर्जात बापाच्या नावाचा रकाना आला तेव्हा ओदीलने तिथे सरळ स्वतःचं नाव घातलं. पोर सहा वर्षांची असल्यापासून तिच्याकडे होती. हिवाळ्यात बर्फावर गाडी घसरून तिची आई, सेलीन, गेली आणि रेनाल्द दोन आठवड्यांसाठी म्हणून लेकीला आजीकडे सोडून गेला. ते दोन आठवडे अजून संपले नव्हते. "मी वाढवली, मग दुसऱ्या कुणाचं नाव लिहू?" असा ओदीलचा रोकडा सवाल होता. पण दत्तक घेतल्याशिवाय कायद्याला आजी म्हणजे आईबाप नव्हेत. बेव्हर्लीने फाइल थांबवली. मग मारिएलने अर्ज केला की मला बापापासून स्वतंत्र धरा. शुक्रवारी त्यालाही नकार आला. येत्या शुक्रवारपर्यंत फी भरली नाही, तर तिची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

नकार आल्याचं मारिएलने आत्याला फोनवर सांगितलं होतं. कारण सोलांजने विचारलं नव्हतं. विचारायचं नाही, हाही नियमच.

भांडं आत आलं, टेबलाच्या मध्यावर ठेवलं गेलं. ओदीलने प्लॉयची, त्या पातळ धिरड्यांची, चळत फडक्यात गुंडाळून आणली. तिच्या प्लॉयना अशी जाळी पडायची की खोऱ्यातल्या सुना गुपचूप येऊन बघून जायच्या. आज मात्र दोन-तीन करपले होते. सोलांजच्या ते लगेच लक्षात आलं. आईचे प्लॉय करपतात तेव्हा तिच्या मनात काहीतरी शिजत असतं.

पाचवं ताट मांडलेलं होतं.

"कुणासाठी?" तिने विचारलं.

"रेनाल्द येतोय," ओदील म्हणाली. "मी फोन केला. त्याची सही आणि त्याचे पगाराचे कागद लागतात ना? देईल. बाप आहे. एवढं का तोंड वाकडं करतेस? कुणी मेलंय?"

मारिएल पेले मांडत होती. तिचा हात एक क्षण थांबला आणि पुन्हा चालू लागला.

"आई, अगोदर मला विचारायचं होतंस."

"तुला विचारलं की तू कॉफी प्यायला जातेस."

फर्नां खो-खो हसला. सोलांजलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"ऐका," ती म्हणाली. "कचेरीत येणाऱ्या कुणालाही मी जे सांगते तेच सांगते, त्यापलीकडे एक अक्षर नाही. बाप पैसे देत नाही एवढ्याने मुलगी स्वतंत्र ठरत नाही. आजीकडे राहते म्हणूनही नाही. बापलेकीचं नातंच उरलेलं नाही, हे त्यांना ओळखणाऱ्या माणसांनी सांगावं लागतं. आणि नातं नाही म्हणजे नाही. थोडं आहे, थोडं नाही, असं चालत नाही."

"नातं कसं नाही?" ओदीलचा आवाज चढला. "माझ्या पोराने कुणाला टाकलेलं नाही! जरा लांब राहतो, गिरणीच्या पाळ्या असतात, बोलका नाही. पण थेरियोंच्या घरातला बाप मुलीला टाकतो, असं मी परक्या बाईला लिहून देऊ? आर्मां थडग्यातून उठून येईल."

"बेव्हर्लीबाईंनी मला हेच विचारलं," मारिएल हळू आवाजात म्हणाली. ती अजून उभीच होती. "वडिलांचा काही संबंध येतो का? मी म्हटलं, भेट येते. नाताळला एक आणि वाढदिवसाला एक. एकही वर्ष चुकलेलं नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मग नातं तुटलंय असं मी कसं म्हणू, पोरी?"

सोलांजने आईकडे पाहिलं.

रेनाल्दला ती जन्मापासून ओळखत होती. त्याने आयुष्यात कुणाला रुमालसुद्धा दिला नव्हता. सेलीनची लग्नातली अंगठी आर्मांने जाऊन आणली होती. वर्षातून दोन भेटी, न चुकता, बारा वर्षं? ओदील फडक्याची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती. तिने वर पाहिलंच नाही. सोलांजला मग सगळंच दिसलं. त्या लाल डगल्यावर, त्या रंगपेटीवर, त्या स्केट्सवर 'पापांकडून' म्हणून चिकटवलेली चिठ्ठी आईने याच टेबलावर बसून लिहिली असणार. झाकली मूठ म्हातारीने बारा वर्षं झाकून धरली होती, आणि त्याच मुठीने आता नातीची वाट अडवली होती.

बोलावं का? आईला एकटीला बाजूला घ्यावं का? ती ठरवते आहे तोवर अंगणात पिकअपचा दरवाजा आपटला.

रेनाल्द आत आला तो टोपी हातात घेऊन. जाडजूड बांध्याचा माणूस, पण दारातून येताना त्याने अंग चोरलं. आईच्या कपाळाला ओठ टेकवले, फर्नांचा हात हलवला, बहिणीकडे बघून मान डोलावली. लेकीपाशी येऊन तो अडखळला. मिठी मारावी की हात पुढे करावा, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने टोपी खुर्चीला अडकवली.

"मोठी झालीस," तो म्हणाला.

"हो, पापा."

"बस, बस," ओदील लगबगीने म्हणाली. "ताट गरम आहे. सहीचं नंतर बघू. आधी जेव."

फर्नांने नदीपलीकडच्या कॅनडातल्या बिअरच्या किमतीचा विषय काढून पाहिला, पण तो कुणी पुढे नेला नाही. मग मारिएलने चमचा खाली ठेवला. बापाकडे सरळ बघत, अगदी सहज म्हणावं तशी ती म्हणाली, "पापा, स्केट्सबद्दल थँक्यू म्हणायचं राहिलंच होतं. गेल्या नाताळचे. अगदी मापात बसले."

रेनाल्दने आईकडे पाहिलं. ओदीलने डोळे मिटले. त्या एका क्षणात त्याला काय कळलं आणि काय नाही, ते देवाला ठाऊक. पण समोर एक सोपं दार उघडलेलं होतं आणि तो त्यातून आत शिरला.

"आवडले ना?" तो म्हणाला. "म्हटलं, तुला उपयोग होईल."

"खोटारड्या!"

ओदीलचा हा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. ती उठून उभी राहिली होती.

"मी आणले ते! चर्चच्या हॉलमध्ये लोकांची लग्नं लागली, आणि त्यांच्या जेवणावळीची भांडी घासून मी ते आणले. स्केट्स मी आणले, डगला मी आणला, बारा वर्षं सगळं मी आणलं आणि तुझं नाव लावलं. पोरीला वाटावं की तिला बाप आहे! आणि तू? तुला नुसतं 'मी नाही' एवढंसुद्धा म्हणता येईना? पानात पडलं ते गिळलंस!"

मग ती मटकन खाली बसली. आपण कुणासमोर बोललो, हे तिला त्यानंतर कळलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "माझ्या बाळा," ती नातीला म्हणत राहिली, "माझ्या बाळा, मला माफ कर."

मारिएल टेबलाला वळसा घालून आजीपाशी आली आणि तिने ते हात खाली ओढले.

"मला माहीत होतं, मेमेर."

"काय माहीत होतं?"

"सगळं मापात बसायचं. प्रत्येक वेळी. ज्या माणसाने माझे पाय कधी पाहिले नाहीत, त्याला माझं माप कुठून कळणार? मी नऊ-दहा वर्षांची होते तेव्हाच कळलं."

"मग कचेरीत तसं का नाही सांगितलंस?" सोलांजच्या तोंडून निघून गेलं. आपला नियम मोडल्याचं भान तिला राहिलं नाही.

"काय सांगू, आत्या? माझी आजी बारा वर्षं खोटं बोलते आहे, असं परक्या बाईला सांगू?" मारिएल म्हणाली. "वनशास्त्र काय, नाही तर नाही. बटाट्याच्या कारखान्यात पाकिटं भरीन. पण हिला मी लोकांसमोर खोटी पाडणार नव्हते."

फर्नांने खिशातून रुमाल काढला आणि जोरात नाक शिंकरलं. रेनाल्दकडे बघून तो म्हणाला, "आणि मी मूर्ख, दोन दिवस तुझी बाजू घेत होतो. म्हटलं, येऊ दे, सही करेल, बाप आहे."

रेनाल्दचा चेहरा लालबुंद झाला होता. माणूस लाजला की रागावतो, आणि रेनाल्द लहानपणापासून तसाच होता.

"करतोच ना सही!" त्याने टेबलावर मूठ आपटली. "आणा कुठे तो कागद. बापाच्या नावाच्या रकान्यात माझं नाव घाला. मी बाप आहे तिचा. तो हक्क कुणी काढून घेतलेला नाही."

"घालता येईल," सोलांज म्हणाली. कचेरीत, टेबलापलीकडे बसलेल्या माणसाशी बोलायचा तिचा शांत आवाज परत आला होता. या आवाजामागे काय चाललेलं असतं, ते फार थोड्यांना माहीत होतं. "तुझं नाव घातलं की तुझा गिरणीचा पगार धरला जाईल. कचेरी म्हणेल, बाप कमावता आहे, मदतीची एवढी गरज नाही, उरलेले त्याने भरावे. भरशील?"

त्याने चमचा ताटाच्या कडेला सरकवला.

"रेनाल्द, भरशील?"

"माझ्या घरात आता डोरीन आहे, तिची दोन लहान पोरं आहेत. त्यांचं..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"म्हणजे नाही. मग तुझ्या सहीने तिचं नुकसानच होईल."

"आणि दुसरी वाट?"

"दुसरी वाट म्हणजे खरं सांगायचं. आईने, मामाने, फादरने. आणि बापाने स्वतः सांगितलं, तर त्याचं वजन सगळ्यांत जास्त." आपण सख्ख्या भावाशी बोलतो आहोत हे तिला त्या घडीला फार जाणवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. "काय सांगायचं ते मी सांगणार नाही. मला सांगता येत नाही."

रेनाल्द बराच वेळ भांड्याकडे बघत राहिला. घेवड्यावर साय धरायला लागली होती.

"मी लिहून दिलं," तो शेवटी म्हणाला, "आणि मग... समजा पुढच्या वर्षी मी आलो. हिला भेटायला. तर?"

हा प्रश्न सोलांजला आजवर कुठल्याच बापाने विचारला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं की खोटं बोलावं.

"दर वर्षी विचारतात," ती म्हणाली. "काही बदललं का, म्हणून. बदललं असेल तर पुन्हा सगळं नव्याने बघतात."

"म्हणजे चार वर्षं मी इकडे फिरकायचं नाही. तेच तिच्या भल्याचं."

हा कसला कायदा, असं फर्नां पुटपुटला. सोलांजच्याही मनात तेच आलं. आपल्या नियमांचा तिला आजच्याइतका राग कधी आला नव्हता.

"तुम्हांला यायचं असेल तर या," मारिएल म्हणाली. ती आजीच्या खुर्चीमागे उभी होती, हात आजीच्या खांद्यांवर. "आलात तर आले म्हणून सांगेन. नाही आलात तर नाही म्हणून सांगेन. यापुढे खोटं नाही, एवढंच. मघाशी स्केट्सचं मुद्दामच काढलं मी. तुम्ही म्हणाला असतात ना, 'मी नाही आणले', तर सही नको, काही नको, तुमच्या शेजारी बसून नुसती जेवले असते."

रेनाल्दने मान खाली घातली. मग हात पुढे करून तो म्हणाला, "कागद द्या."

कागद फर्नांने आणला, किराणा मालाच्या यादीच्या वहीतला. रेनाल्द लिहायला बसला. त्याला लिहायची सवय नव्हती. एकेक अक्षर दाबून काढत होता आणि ओठ हलवत होता, त्यामुळे काय लिहितो आहे ते टेबलाभोवती सगळ्यांना कळत होतं. सेलीन गेली त्या हिवाळ्यात मी मुलीला माझ्या आईकडे ठेवलं. तिचं तोंड सेलीनचं होतं आणि मला ते बघवत नव्हतं. मी परत न्यायला आलो नाही. तिच्या खर्चाला मी काही दिलं नाही. भेटी माझ्या आईने घेतल्या. ही मुलगी माझ्या आधारावर नाही.

ओदील जपमाळ मुठीत धरून ऐकत होती. 'टाकली' हा शब्द त्याने लिहिला नाही, आणि कुणी त्याला तो लिही असंही म्हटलं नाही.

"आणखी?" त्याने विचारलं.

"विद्यार्थिनीचं पूर्ण नाव," सोलांज म्हणाली. "आणि जन्मतारीख."

फर्नांने घसा खाकरला आणि तारीख सांगायला तोंड उघडलं. पण रेनाल्दचं पेन थांबलंच नव्हतं. मारिएल सेलीन थेरियो, आणि त्याखाली अकरा फेब्रुवारी, साल, सगळं एका दमात. त्याखाली त्याने सही केली आणि कागद बहिणीपुढे सरकवला. सोलांजने हात मागे घेतले.

"माझ्याकडे नको," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत. "बेव्हर्लीकडे द्यायचा. तोही मारिएलने स्वतः."

मारिएल पुढे झाली. कागद उचलून तिने उभ्या उभ्या खालपासून वर वाचला.

"तारीख माहीत होती तुम्हांला," ती म्हणाली.

"हो."

"दर वर्षी लक्षात असायची?"

"दर वर्षी."

"मग त्या दिवशी तुम्ही काय करायचात?"

रेनाल्दने खुर्चीला अडकवलेली टोपी काढली आणि मांडीवर धरली.

"गिरणीत जादा पाळी घ्यायचो," तो म्हणाला.

मारिएल कागद हातात घेऊन तिथेच उभी राहिली. ओदीलने डोळे टिपले, पळी उचलली आणि मुलाच्या ताटात आणखी घेवडा वाढला. तो आता अगदी निवला होता, तरी त्याने खाल्ला.